त्याच्या कोपरातली चीर

माझ्या आतेभावाच्या उजव्या कोपरात चीर निघाली आणि माझ्या कोपरात निघाली नाही. दुखत दोघांचंही होतं. दोघंही एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडे, माझ्याच स्कूटरवरून गेलो होतो. कोपराला गार जेल चोपडून आतलं चित्र पडद्यावर बघतात, तेही दोघांचं झालं. त्याच्या चित्रात कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोरीला, एक बारीक काळी रेघ होती. माझी दोरी शाबूत होती. "तुमचं काही विशेष नाही सर," डॉक्टर मला म्हणाली. दुसऱ्या कोणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हा आतेभाऊ माझा मेहुणाही लागतो. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न ही नेहमीचीच गोष्ट, तेव्हा त्यानं माझ्या धाकट्या बहिणीशी केलं. आत्या तो शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून त्याच्या सगळ्या सुट्ट्या आमच्या घरी, माझ्या पंख्याखाली, माझ्या आईच्या हातचं खाण्यात गेल्या. आईविना पोर म्हणून आईनं त्याला जवळ केलं, ह्यात गैर काही नाही. पण जवळ करावं म्हणजे किती करावं? सार वाढताना ती भांडं न ढवळता वरचं निवळ अलगद त्याच्या पानात ओतायची आणि मग पळी तळाशी घालून डाळीचा गाळ मला वाढायची. "तुला घट्ट आवडतं की," असंही वर म्हणायची. मला घट्ट कधीच आवडलं नाही. आता त्याला टक्कल पडायला आलंय, बँकेत मोठा साहेब झालाय, पण निवळ अजून त्याचंच.

त्याला हे वाचता येणार नाही, म्हणून इतकं मोकळेपणानं लिहितोय. तंजावूरच्या आम्हा मराठी लोकांना घरात बोलता येतं, पण देवनागरी वाचणारे फार थोडे. मला येते, कारण लहानपणी संध्याकाळी मला हिंदीच्या परीक्षांच्या शिकवणीला बसवलं. बसवलं त्यालाही होतं, पण तो मागच्या दारानं मैदानावर पळायचा. मी अक्षरं गिरवत होतो त्या तासांत त्यानं बॅकहँड कमावला. पुढे मी कॉलेजात गणित शिकवायला लागलो, पुस्तकं मागवून मागवून माझं लिहिण्याचं मराठी सुधारलं. मैदानावर त्याचा कवडीचा उपयोग होत नाही.

मैदान म्हणजे बॉल बॅडमिंटनचं. गावाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. पिसांचं शटल नव्हे, पिवळ्या लोकरीचा चेंडू. आणि एका बाजूला पाच जण. हा खेळ आमच्याच राजवाड्यात जन्मला असं आम्ही सांगतो आणि ऐकणाऱ्यानं मान हलवेपर्यंत सांगत राहतो. पाचांत मधोमध उभा राहतो तो सेंटर. समोरचा निम्मा मार त्याच्यावर येतो आणि बघणाऱ्यांचे सगळे डोळेही त्याच्यावरच असतात. आमच्या संघात ती जागा कित्येक वर्षं माझी. पोंगलच्या सुटीत पापनाशमच्या संघाशी आमचा सामना होतो, त्यासाठी आम्ही पोट सुटलेले लोक वर्षभर पहाटे उठतो. गेल्या ऑगस्टात आमचा कॅप्टन, एक निवृत्त पी. टी. मास्तर, रॅकेटच्या तारा अंगठ्यानं दाबून बघत मला म्हणाला, "ह्या वेळी तुम्ही मागे खेळून बघा सर. सेंटरला तुमच्या मेहुण्यांना घेऊ." असं म्हणाला की जणू पंखा कमी करा म्हणतोय.

त्या दिवसापासून मी जागा राखायला दुप्पट खेळायला लागलो आणि तो जागा मिळवायला दुप्पट खेळायला लागला. नवरात्र येईपर्यंत दोघांचीही कोपरं धरली. सकाळी कॉफीचा टंबलर उचलताना कळ यायची. खडू धरवेना. तरी मी त्याच्यासमोर हूं की चूं केलं नाही, आणि त्यानंही माझ्यासमोर केलं नाही. शेवटी माझ्या बहिणीनंच दोघांना दटावून डॉक्टरकडे धाडलं.

डॉक्टर तरुण होती. खेळाडूंच्या दुखापतींचंच शिकून कोइमतूरहून नुकती गावात आलेली. तिनं त्याला त्याचा उपाय समजावून सांगितला आणि मी बाजूच्या खुर्चीवरून ऐकला. त्याच्याच हातातून रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करायचा आणि तोच सुईनं चिरेत सोडायचा. कुठं जखम झाली की प्लेटलेट आधी तिथं पोचतात आणि दुरुस्तीला बाकीच्यांना हाक मारतात, ती म्हणाली. चीर जुनी झाली की शरीर तिच्याकडे बघेनासं होतं, तेव्हा ही हाक पुन्हा मारून बघायची. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही तिनं सांगितलं. आला तर पोंगलपर्यंत खेळता येईल, घाई केली नाही तर.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुम्हाला व्यायाम सर. पाण्याची बाटली हातात धरायची आणि मनगट सावकाश खाली सोडायचं. सकाळ-संध्याकाळ. तुमचं कोपर नुसतं दमलंय."

त्याचं फाटलं होतं, माझं दमलं होतं. त्याच्या रक्तात औषध निघालं, माझ्या वाट्याला नळाचं पाणी. घरी येऊन मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तुमचं कोपर दुखतंय की पोट, ते आधी तुमच्या डॉक्टरला विचारून या," ती म्हणाली आणि हसायला लागली.

मग मी नाद घेतला. कॉलेजात जेवणाच्या सुटीत फोनवर वाचत बसायचो. रक्ताच्या पुढचं काहीतरी असणारच, असं मला वाटायचं. निघालंच. कमरेच्या हाडातली मज्जा काढून तीच सांध्यात सोडतात म्हणे. पोटाच्या चरबीतल्या पेशी घेतात म्हणे, आणि चरबी तर माझ्याकडे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. त्याला रक्त तर मला मज्जा! मी पुन्हा डॉक्टरकडे गेलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ह्यातल्या पुष्कळ गोष्टींचा अजून धड पुरावा नाही, आणि ज्यांचा थोडाफार आहे त्या माझ्या कोपराला लागत नाहीत, असं ती म्हणाली. मी हलेना, तेव्हा तिनं विचारलं, "सर, तुम्हाला बरं व्हायचंय की सुई हवीय?" मला खरं उत्तर ठाऊक होतं. मी बाटलीच्या व्यायामाचा कागद घेऊन परत आलो.

त्याच्या सुईच्या दिवशी मीच बरोबर गेलो, कारण नंतर हात दुखतो आणि गाडी चालवता येत नाही. खरं तर मला ते बघायचं होतं. नर्सनं त्याच्या डाव्या हातातून रक्त काढलं, नळी यंत्रात ठेवली, झाकण लावलं. यंत्र मिक्सरसारखं ओरडत राहिलं. थांबल्यावर नळी उजेडात धरली तर खाली लाल बसलेलं आणि वर स्वच्छ, पिवळसर निवळ. थेट आईचं सार. मी बघत राहिलो. म्हणजे इथंही वरचं निवळ त्याचंच!

सुई आत जाताना त्यानं ओठ आवळले. पडद्यावर सुईचं टोक त्या काळ्या रेघेत शिरलेलं दिसत होतं. डॉक्टरनं वर कापूस ठेवून पट्टी चिकटवली आणि आम्हा दोघांना बसवून पथ्य सांगितलं. सुजेल, दुखेल, दुखू द्यायचं. सूज हेच काम चाललंय, ते बंद पाडायचं नाही. म्हणून आपल्या मनानं दुखण्याच्या गोळ्या नाहीत. बर्फ नाही, शेक नाही. "आणि तेल नाही," ती एक बोट वर करून म्हणाली. "ह्या गावात सगळे सगळ्याला तेल चोळतात. ह्या हाताला कोणी चोळायचं नाही." तो मान डोलवत होता. मीही डोलवत होतो.

पुढचे दिवस तो हात उशीवर ठेवून बहिणीच्या दिवाणखान्यात बसला आणि सगळा गाव त्याला बघायला आला. फळं आली, मुरुक्कू, म्हणजे आमच्याकडच्या चकल्या, आले. शेजारचे आजोबा यंत्र कसं होतं ते पुन्हा पुन्हा विचारत. रोज सांगताना यंत्र थोडं मोठं होत गेलं. माझी बहीण त्याला चमच्यानं दहीभात भरवायची, डावा हात धडधाकट असताना. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो आणि एका कोपऱ्यात पाण्याची बाटली वरखाली करायचो. व्यायामानं बरं होणाऱ्या माणसाची चौकशी कोणी करत नाही. एकानं तर मला तहान लागली असेल म्हणून बाटली भरून आणून दिली.

असं करता करता दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीला पहाटे सगळे आईच्या घरी जमतात. मिरे आणि विड्याचं पान टाकून कढवलेलं तिळाचं तेल, पुढ्यात पाट, आणि आई. घरातल्या प्रत्येक पुरुषाला ती स्वतः तेल लावते. नुसतं टाळूवर चार थेंब नाही. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत हात रगडते, आणि ह्या वयातही तिच्या अंगठ्यांत अशी ताकद आहे की बसल्या जागी माणूस कण्हतो. पहिला मान थोरल्या मुलाचा, म्हणजे माझा. आजवर कधी चुकला नव्हता. मी पंचा गुंडाळून पाटाकडे निघालो तेवढ्यात ती त्याला म्हणाली, "ये रे, आज तू बस आधी. हात दुखालाय तुझा."

मी जागीच थांबलो. माझा मान गेला. पण डॉक्टरचं ते वर केलेलं बोटही मला दिसलं, आणि मी म्हणालो, "आई, तेच्या त्या हाताला तेल लावायचं नाही. डॉक्टरनं सांगितलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी बहीण आधी हसली. "अण्णा, तुला आधी बसवलं नाही मणून सांगालास की?"

मग सगळेच हसले. बायकोसुद्धा. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, तसा हशा आणखी वाढला. माझं बोलणं खरं होतं, आणि मला पोटात दुखत होतं हेही खरं होतं, पण त्या घरात मला एका वेळी एकच गोष्ट खरी ठरवून मिळत होती.

आई म्हणाली, "तेल लावून कोणाचं वाईट झालंय कां? अस्क डॉक्टरलाच कळतं कां?" अस्क म्हणजे आमच्याकडे सगळं.

मी त्याच्याकडे वळलो. "तू सांग की रे! तुझ्यासमोर सांगितलं की नाही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तेलाच्या वाटीकडे. "परवाल्ल," तो म्हणाला. असू दे, हरकत नाही. "लाव मामी."

आणि तो पाटावर बसला. आईनं त्याच्या टाळूवर तेल थापलं आणि मग उजवा हात घेतला. खांदा, दंड, आणि कोपर. ज्या ठिकाणी पट्टी होती त्याच ठिकाणी अंगठा रोवून गोल गोल, गोल गोल. त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि कडांना पाणी आलं होतं. दुखत असणार, मला वाटलं. चांगलंच दुखत असणार. मी माझी पाळी येईपर्यंत थांबलो नाही, स्वतःच डोक्यावर तेल ओतून न्हाणीघरात गेलो. न्हाल्यावर चाटायला देतात ते आलं-गुळाचं दिवाळीचं लेह्य त्या दिवशी मला कडू लागलं.

दुपारपर्यंत त्याचं कोपर टम्म फुगलं. दोन दिवसांनीही उतरेना, म्हणून पुन्हा मी, पुन्हा स्कूटर, पुन्हा डॉक्टर. तिनं दाबून पाहिलं, पडद्यावर पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॉलिश केलं?"

"नाही मॅडम," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. टेबलाखाली त्यानं माझ्या पायावर पाय दिला, तोही असा की माझं तोंड मिटलंच. वजन उचललं? नाही. पडलात? नाही. मग असं का झालं ते कळत नाही, ती म्हणाली. काही जणांना सूज जास्त येते. बिघडलं काही नाही, पण आता फार सावकाश जायचं आणि पोंगलला खेळणं विसरायचं.

विसरायचं! मला आनंद झाला, तो मी नाकारत नाही. जिना उतरताना माझी पावलं हलकी पडत होती. मागे बसून त्यानं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला तेव्हा तो आनंद जरा ओशाळला, एवढंच. "खोटं कां सांगितलास?" मी विचारलं. "सोड रे," तो म्हणाला.

घरातही त्यानं तेच सांगितलं जे डॉक्टरनं सांगितलं होतं: कारण कळत नाही. आता ज्या दुखण्याचं कारण डॉक्टरला कळत नाही त्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना लगेच कळतं. मी सांगून पाहिलं, तेलानं झालं म्हणून. आई शांतपणे म्हणाली, "तेच तेल अस्की लावून घेटले. दुसऱ्या कोणाचं सुजलं कां?" बहीण नुसती माझ्याकडे बघत होती, आणि मग बघेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईकडे तिचं औषध पोचवायला गेलो; बहीण आणि तो दिवाळीपासून तिथंच मुक्कामाला होते. पावसाचे दिवस, फाटकापाशी जमीन ओली. औषध देऊन निघालो आणि रस्त्याच्या वळणावर आठवलं की छत्री विसरली. परत आलो तर माझी बहीण फाटकाशी उकिडवी बसली होती. हातात स्टीलची वाटी. ती माझ्या चपलेच्या उमटलेल्या पावलातली माती चमच्यानं खरवडून वाटीत घालत होती. उजव्या पावलातली. डाव्याला तिनं हात लावला नव्हता. मला वाटलं तुळशीला हवी असेल. ती मला पाहून दचकली आणि वाटी पदराखाली घेऊन आत गेली, तेव्हा मला समजलं.

ज्याची दृष्ट लागली असेल त्याच्या पायाखालची माती घेतात. ती मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्यांबरोबर दुखणाऱ्यावरून उतरवतात आणि विस्तवात टाकतात. मी हे लहानपणापासून बघत आलो होतो. शेजारणीची माती, दूरच्या काकूची माती, नवीन साडी बघून उसासा टाकणाऱ्या कोणाचीही माती. आमच्या घरात माझी माती लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी छत्रीसाठी आत गेलोच. स्वयंपाकघरात तो पाटावर बसला होता, मान खाली. आई मूठ फिरवत पुटपुटत होती, आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची. घरच्याची म्हणताना तिचा आवाज थोडा खाली गेला. मग तिनं मूठ निखाऱ्यांवर सोडली. मिरच्या तडतडल्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि ठसका नाही लागला तर दृष्ट होती, असं ह्या परीक्षेचं आहे. सगळे श्वास धरून उभे. कोणी खोकलं नाही. मला मात्र घशात खवखवलं, आणि मी सुटकेचा खोकला काढला, चांगला मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अण्णा," बहीण म्हणाली, "मुद्दाम नको खोकू."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आजारी मुलाकडे बघावं तसं तिनं पाहिलं आणि "बस, कॉफी देते" म्हणाली. मी कॉफी घेतली नाही. घरी जाऊन बाटली उचलली आणि मनगट मोडेपर्यंत वरखाली करत राहिलो.

ह्या बाटलीनं मात्र मी बरा झालो. मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबरातल्या थंडीत रॅकेट हातात घेतली तेव्हा कळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. कॅप्टननं पाच जणांची नावं सांगितली त्यात सेंटरला माझं नाव होतं, आणि तो म्हणाला, "दुसरं आहे कोण आता?" मला असं नको होतं. पण मी घेतलं. जागा माझी होती आणि ती मला हवी होती.

पापनाशमला तोही आला, राखीव खेळाडूंच्या बाकावर बसायला. बहीण आली नाही. मैदानाच्या एका बाजूला पिकत आलेलं भात, दुसऱ्या बाजूला बसचा रस्ता, आणि मधे चुन्याच्या ताज्या रेघा. मी कोपराला पट्टा बांधायला बसलो, एका हातानं जमेना. तो उठून आला, माझ्यासमोर गुडघे टेकून बसला आणि पट्टा गुंडाळायला लागला. वर न बघता म्हणाला, "त्या दिवशी तुझंच खरं होतं. मला ठाऊक होतं तेल लावायचं नाही मणून."

"मग नको म्हणायला काय झालं होतं? माझी माती काढली रे घरात!"

"काढली," तो म्हणाला. त्यानं पट्टा सोडून पुन्हा नीट लावला. "दर दिवाळीला तू आधी बसतोस. मी मागनं. माझी पाळी येईतोवर मामीचे हात दमलेले असतात. दोन हात फिरवते आणि जा आता म्हणते. त्या दिवशी पहिल्यांदा मला आधी बोलावलीन. मी उठू कसा?"

तोच पुढे म्हणाला, "आणि डॉक्टरला सांगितलों असतों तर मामीला कळलं असतं, तिच्या हातानं झालं ते. पुढच्या वर्षी हात लावायला भिईल. तू रागानं उठून गेलास तरी मुलगाच. मी उठलों तर उठलोंच."

"आता दुखतंय?"

"नाही. मामी चोळत होती तेव्हाही एवढं दुखलं नाही," तो म्हणाला, आणि पट्ट्याचं टोक आत खोचून बाकाकडे गेला.

कॅप्टननं हाक मारली. मी जाऊन मधोमध उभा राहिलो. माझ्या डोक्यात एकच येत होतं, की मी दर दिवाळीला त्या पाटावर बसून "आटप लवकर आई" म्हणत आलोय. दरवर्षी. थंडी वाजते म्हणून, तेल डोळ्यात जातं म्हणून, उशीर होतोय म्हणून. ज्या हातानं हा खेळणार होता तो हात त्यानं त्याच चार मिनिटांसाठी सोडून दिला होता, आणि वर तोंड मिटून बसला होता.

समोरून पहिला चेंडू आला. मी तो घेतला, चांगला खालून उचलून घेतला, आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकावर तो उजवा हात जपत डाव्यानं मांडीवर थाप मारत होता. सेंटरला मी उभा होतो, माझं कोपर दुखत नव्हतं, आणि मला त्याचाच हेवा वाटत होता. माझीच आई त्याला जितकी हवीशी वाटली तितकी मला कधी वाटली नव्हती.